भाग उरले, कृती हरवली

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीच्या वर्गात मी कागदाची मोटार करायला घेतली. कार्यानुभवाच्या तासाला आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चालतं. झुरमुळ्या, कागदी फुलं, आगपेटीच्या काड्यांचं घर. मुलं त्याला कंटाळली होती, आणि खरं सांगायचं तर मीही. कुण्या जपानी हौशी माणसाने बनवलेलं एका जुन्या छोट्या मोटारीचं कागदी मॉडेल मला इंटरनेटवर सापडलं. फुकट होतं. सुट्या भागांची तीन पानं होती. ती मी उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली आणि झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर पंधरा संच काढून आणले. दोन मुलांत एक संच.

जोडणीची पानं मात्र वेगळी होती. कुठला भाग आधी, कुठली घडी आत, कुठली बाहेर, हे दाखवणारी. ती मी मोबाईलवर पाहिली होती. त्यात रंगीत काही नव्हतं, नुसत्या रेघा आणि बाण. वाटलं, ही कशाला छापायची? तासाला बसलो की उघडून दाखवू.

तासाच्या दिवशी ते पानच उघडेना. आधी नेटवर्कला दोष दिला, मग फोनला. घरी आल्यावर कळलं की ती जागाच आता अस्तित्वात नाही. इकडे वर्गात तीस मुलांनी भाग कापून ठेवलेले. टेबलावर दारं, टपावरचा पत्रा, चाकांच्या चकत्या, आणि कशाचे आहेत हे न कळणारे करंगळीएवढे तुकडे. शेवटी एका मुलाने तोडगा काढला. चिकटवायच्या पट्ट्यांवर बारीक आकडे होते. तो म्हणाला, "सर, जो नंबर इधर है, वोइच उधर भी है." आकड्याला आकडा जुळवत मोटारीचं धड कसंबसं उभं राहिलं. पण चाकं लुळी पडली. मोटार टेबलावर ठेवली की पोटावर बसायची.

चाकाच्या चकत्यांवर एकेक छोटी चांदणी छापलेली होती. मुलांना ती नक्षी वाटली. मलाही. अशा मॉडेलांत चांदणीचा अर्थ असतो, "हा भाग कापण्याआधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवा". एक चांदणी म्हणजे पातळ पुठ्ठा, दोन म्हणजे जाड. हे भागांच्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते जोडणीच्या पानावर असतं. म्हणजे ज्याला मी बिनकामाचं समजून सोडून दिलं, त्यातच चाकं उभी राहण्याचं गुपित होतं.

त्यानंतरचे काही आठवडे मी या कागदी मॉडेलांच्या मागे लागलो. शोधता शोधता फ्रान्सपासून दियारबकरपर्यंत आणि तिथून थेट आपल्या दौलताबादपर्यंत आलो. त्याचाच हा हिशेब.

*

फ्रान्सच्या पूर्वेला एपिनाल नावाचं गाव आहे. तिथे झां-शार्ल पेलेरां याने १७९६ साली छापखाना काढला. संतांची चित्रं, सैनिकांच्या रांगा, नेपोलियनच्या लढाया, असा स्वस्त रंगीत माल तिथून खेडोपाडी जायचा. आपल्याकडे जत्रेत जशी देवदेवतांची आणि मक्का-मदिनेची चित्रं विकायला असतात, तसाच तो धंदा. एकोणिसाव्या शतकात या छापखान्याने मुलांसाठी कापून जोडायचे कागद काढले. आधी घरं, किल्ले, नाटकाचे रंगमंच. मग आगगाड्या आल्या आणि पुढे रस्त्यावर मोटार दिसू लागल्यावर कागदावरही मोटार आली. जर्मनीत एसलिंगेन गावी श्रायबर नावाची प्रकाशन संस्था १८३१ मध्ये सुरू झाली. तिनेही असे जोडणीचे कागद काढले आणि तिचं नाव या छंदात आजही घेतलं जातं.

या जुन्या कागदांबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. त्यात सुटे भाग आणि पूर्ण झालेल्या वस्तूचं चित्र बहुधा एकाच तावावर असायचं. एका कोपऱ्यात छोटंसं चित्र, "बघ, असं झालं पाहिजे." कागद हरवला तर सगळंच हरवलं. पण तो सापडला तर सगळं सापडलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धातू आणि लाकूड मिळेनासं झालं तेव्हा जेफ्री हायवे नावाच्या माणसाने १९४१ मध्ये 'मायक्रोमॉडेल्स' काढली. पोस्टकार्डाच्या आकाराच्या पत्त्यांवर छापलेली अगदी चिमुकली आगीची इंजिनं, जहाजं, इमारती. कात्री, पातं आणि थोडा डिंक, एवढंच सामान लागायचं आणि सगळं मिळून खिशात मावायचं. पोलंडमध्ये १९५७ पासून 'मावी मोडेलाश' नावाचं मासिक निघू लागलं. नावाचा अर्थ साधारण 'छोटा मॉडेलकार'. साम्यवादी राजवटीत दुकानात खेळणी दुर्मीळ, पण हे मासिक थोड्या पैशांत मिळायचं. विमानं, रणगाडे, जहाजं, मोटारी. मधल्या पानांवर रंगीत भाग आणि त्याच अंकात टाचलेली जोडणीची कृती. त्या देशात कागदी मॉडेलांची एवढी मोठी परंपरा का आहे, याचं उत्तर त्या टाचणीत असावं, असं मला वाटतं. कृती भागांपासून सुटत नव्हती.

ती सुटली संगणकावर.

१९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ हा फाइलचा प्रकार आणला. कुठल्याही यंत्रावर उघडा, पान जसंच्या तसं दिसणार. कागदी मॉडेलवाल्यांसाठी ही मोठीच सोय झाली. कारण त्यांना रेघ हलून चालत नाही. हळूहळू छपाई घरी आली. कॅनन कंपनीने 'क्रिएटिव्ह पार्क' या नावाने हजारो नमुने फुकट ठेवले. अर्थात त्यांना शाई आणि छपाईयंत्रं विकायची होती, पण मुलांचं काम झालं. यामाहा कंपनीने आपल्या मोटारसायकलींची कागदी मॉडेलं ठेवली. साखळीची कडीन् कडी आणि इंजिनाची पाती दाखवणारी, बघून विश्वास बसू नये अशी. शिवाय दुर्मीळ प्राण्यांचीही.

या सगळ्यांत भागांची फाइल वेगळी आणि कृतीची वेगळी. त्यामागे साधं व्यवहारज्ञान आहे. भाग रंगीत आणि जाड कागदावर छापायचे, कृती साध्या कागदावर किंवा नुसती पडद्यावर बघायची. एकत्र ठेवली तर महागडा जाड कागद कृतीवर वाया जातो. सोय म्हणून केलेली ही फाळणी. पण माणूस काय उतरवून घेतो? जे सुंदर दिसतं ते. चकचकीत लाल बॉनेट, काचा, नंबरप्लेट. करड्या रेघांची पानं "नंतर बघू" म्हणून राहतात.

आणि नंतर येत नाही. यामाहाने २०१८ च्या सप्टेंबरअखेर आपला कागदी मॉडेलांचा विभाग बंद केला. जगभरच्या हौशी लोकांनी तो बंद होण्याआधी जमेल तेवढं उतरवून घेतलं. याहूची 'जिओसिटीज' ही सेवा, जिथे सामान्य माणसांनी आपापली घरगुती पानं मांडली होती, ती २००९ मध्ये बंद झाली. जपानमध्ये ती आणखी दहा वर्षं तगली आणि ३१ मार्च २०१९ ला तिथेही दिवा मालवला. कुणी निवृत्त कारकून, कुणी शिक्षक, कुणी मोटार कारखान्यातला कामगार. रात्री जागून, आपल्या पहिल्या गाडीचं मॉडेल बनवून जगाला फुकट देणारी ही माणसं. त्यांच्या पानांना ना पुस्तकाचा मान, ना ग्रंथालयात जागा. मी जेवढे लोकांचे वैयक्तिक संग्रह पाहिले, त्यांत भागांच्या फाइली ढिगाने होत्या. कृती शोधावी लागत होती.

माझ्या मोटारीची कृती शेवटी अर्धी मिळाली. अमेरिकेत ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह' सुरू केलं. जुनी संकेतस्थळं जशी होती तशी जपून ठेवायचं काम ते करतं. २००१ पासून 'वेबॅक मशीन' या नावाने ते कुणालाही बघता येतं. पानाचा जुना पत्ता टाकला की त्या पत्त्यावर पूर्वी काय होतं ते, जपलं गेलं असेल तर, समोर येतं. तिथे माझं पान होतं. बारापैकी सात चित्रं होती, पाचांच्या जागी रिकामे चौकोन. चाकांचं चित्र होतं. चांदणीचा अर्थ मला तिथे कळला.

जाता जाता सांगतो. या संग्रहाची एक प्रत २००२ मध्ये इजिप्तमधल्या नव्या अलेक्झांड्रिया ग्रंथालयालाही देण्यात आली. जुनं अलेक्झांड्रिया कुणी जाळलं यावर आपल्याकडे अजून हिरिरीने भांडणं होतात. नव्यात काय ठेवलंय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

*

आता दियारबकरकडे वळतो. तिकडे वळण्याचं कारण अभिमान नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अल-जझरीचं नाव हल्ली प्रत्येक मुस्लिम व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतं. हत्तीच्या घड्याळाचं चित्र आणि खाली, "रोबोट आमच्या पूर्वजांनी शोधला." आमच्या शाळेच्या ग्रुपवरही येतं. लोक माशाअल्लाह लिहितात आणि पुढे पाठवतात. ते घड्याळ चालतं कसं, हे मी एकदा ग्रुपवर विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. मलाही तेव्हा येत नव्हतं.

बदीउज्जमान अबुल इज्ज इस्माईल इब्न अल-रज्जाज अल-जझरी हा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दियारबकरच्या अर्तुकी राजघराण्याकडे नोकरीला होता. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातलं हे शहर. तिथे त्याने पंचवीसेक वर्षं काढली. घड्याळं, कारंजी, पाणी वर चढवणारी यंत्रं, हात धुवायची आपोआप चालणारी भांडी. वुजू करताना नोकराने हातावर पाणी ओतावं हे सुलतानाला आवडत नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी एक यंत्र त्याने बनवलं. यंत्रं सुलतानासमोर होती, चालत होती. तरीही सुलतान नासिरुद्दीन महमूदने त्याला सांगितलं की हे सगळं लिहून काढ. नाहीतर तुझ्यामागे ते राहणार नाही. १२०६ मध्ये किताब पूर्ण झाली. सहा विभाग, पन्नास यंत्रं.

मला या किताबीतलं सर्वांत मोलाचं काय वाटतं, तर ती लिहिण्याची रीत. प्रत्येक यंत्राचं चित्र आहे. चित्रातल्या भागांना अरबी अक्षरं दिलेली आहेत, अलिफ, बे, जीम. आणि मजकुरात त्याच अक्षरांचा हवाला देत सांगितलंय की हा भाग कशाचा करायचा, केवढा, आणि कशाला जोडायचा. चित्र मोजमापाने काढलेलं नाही. ते मांडणी कळावी म्हणून आहे, मोजमाप शब्दांत. भाग, त्यावर खूण, आणि खुणेचा अर्थ सांगणारी कृती. माझ्या वर्गातल्या मुलाने "वोइच नंबर उधर भी है" म्हटलं, तेव्हा त्याने हीच रीत ओळखली होती.

आणि एक गोष्ट वाचून तर मी उडालोच. या किताबीचं इंग्रजी भाषांतर डोनाल्ड हिल या ब्रिटिश अभियंत्याने केलं आणि ते १९७४ मध्ये छापलं गेलं. जझरीच्या कामातल्या महत्त्वाच्या तंत्रांची जी यादी हिल यांनी दिली आहे, तिच्यात लाकडाचे थर चिकटवून ते वाकू न देणं, चाकाचा तोल साधणं, यांच्याबरोबर एक तंत्र असंही आहे : आराखडा पक्का करण्यासाठी आधी कागदाचं मॉडेल करून बघणं. तांब्या-पितळेला हात लावायच्या आधी कागद. आठशे वर्षांपूर्वी दियारबकरमध्ये एक उस्ताद कागद कापून, वाकवून, जोडून बघत होता.

त्याला कागद सहज मिळत होता, हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट. आठव्या शतकात समरकंदमार्गे कागद बनवण्याची कला मुस्लिम जगात आली आणि त्याच शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला. तिथे वर्राकांचा एक बाजारच होता. वर्राक म्हणजे कागद विकणारा, किताबीच्या नकला करणारा, किताबी विकणारा. तिन्ही एकात. म्हणजे आमचा झेरॉक्सवालाच, फक्त अक्षर सुंदर. दहाव्या शतकातला इब्न अल-नदीम असाच एक वर्राक. त्याने 'अल-फिहरिस्त' नावाची, आपल्या काळात ठाऊक असलेल्या अरबी पुस्तकांची सूची केली. आज ती वाचताना हुरहूर लागते, कारण त्यातली कितीतरी पुस्तकं आता कुठेच नाहीत. नाव आहे, लेखक आहे, पुस्तक नाही.

जझरीची किताब वाचली ती अशा वर्राकांमुळे, कातिबांमुळे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तिची १२०६ मधली एक प्रत आहे. पुढच्या शतकांत ठिकठिकाणी नकला होत राहिल्या. सुलतानाच्या महालातलं एकही यंत्र आज उरलेलं नाही. पितळ वितळवलं गेलं असेल, लाकूड जळालं असेल. उरली ती कागदावरची कृती. आणि ती इतकी नीट होती की १९७६ मध्ये लंडनला इस्लामी जगताचा महोत्सव भरला, तेव्हा तिथल्या विज्ञान संग्रहालयासाठी जझरीच्या वर्णनावरून त्याचं मोठं जलघड्याळ पुन्हा बांधण्यात आलं, आणि ते चाललं. पावणेआठशे वर्षांनी. माझी मोटार तर पावणेआठ आठवड्यांनीही झाली नाही.

पण या नकलांच्या नशिबीही तेच आलं जे माझ्या तीन पानांच्या. १३१५ सालच्या एका प्रतीची पानं सुटी करून विकली गेली. आज ती वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. हत्तीच्या घड्याळाचं जे चित्र आपण एकमेकांना पाठवतो, ते त्याच प्रतीतलं एक पान. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ज्यांनी पानं फाडली त्यांनीही जे सुंदर दिसतं तेच पाहिलं. चित्राला भिंत मिळाली, कृती मागे राहिली. आपण चित्र पुढे पाठवतो तेव्हा वेगळं काय करतो?

*

उर्दू शिकवणारा असल्याने हस्तलिखितांच्या काही रिती मला शिकवाव्या लागतात. फाइली जपून ठेवायच्या आणि छापायच्या कामात त्या किती उपयोगी आहेत, हे मला या मोटारीने दाखवलं.

जुना कातिब पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा. पानं सुटी झाली, उलटसुलट झाली तरी क्रम लावता यावा म्हणून. मॉडेलच्या पट्टीवरचा आकडा हेच काम करतो. म्हणून छापताना ते आकडे नीट उमटले की नाहीत हे आधी बघावं लागतं. दुकानदार शाई वाचवायला फिकट छपाई लावतो, आणि पहिले जातात ते आकडेच.

नक्कल झाल्यावर ती मूळ प्रतीशी ताडून बघायची, याला 'मुकाबला' म्हणतात. समासात तशी नोंदही करत. आमच्या कामात मुकाबला म्हणजे पट्टी. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण यात सगळेच फसतात. आपला ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतला 'लेटर' कागद २१६ बाय २७९. एकाच्या मापाचं पान दुसऱ्यावर छापायचं म्हटलं की यंत्र ते गुपचूप लहान करतं. उंचीला २९७ चे २७९, म्हणजे सुमारे ९४ टक्के. डोळ्यांना कळतही नाही. शिवाय छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो. सगळी पानं सारखीच लहान झाली तर मोटार थोडी छोटी होईल, एवढंच. पण एक पान एका दुकानात आणि दुसरं दुसऱ्या दुकानात काढलं, तर दार चौकटीत बसत नाही आणि आपण मुलाच्या कात्रीला दोष देतो. म्हणून दुकानदाराला ठणकावून सांगायचं, "शंभर टक्के, मूळ मापात." आणि एक पान काढून झालं की पट्टीने मोजायचं. मी आता प्रत्येक पानाच्या कडेला दहा सेंटिमीटरची एक रेघ टाकून ठेवतो. छपाईत ती दहा भरली, तर पुढचे चौदा संच काढायचे.

कागदही बघावा लागतो. रोजचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. मोटारीच्या भागांना तो पुरत नाही. १६० ते २०० च्या आसपास लागतो. त्याहून जाड घेतला तर बारीक घड्या तडकतात. लेझरची छपाई घडीवर सोलवटते, शाईच्या यंत्राची छपाई ओल्या डिंकाने पसरते. सुकलेल्या बॉलपेनने घडीची रेघ आधी दाबून घेतली की दोन्ही त्रास कमी होतात. घडीच्या रेघांचंही शास्त्र आहे. जपानी माणसं बाहेर येणाऱ्या घडीला 'डोंगरघडी' आणि आत जाणाऱ्या घडीला 'दरीघडी' म्हणतात. दोघींच्या तुटक रेघा वेगळ्या. हे शब्द मुलांना इतके आवडले की आता वहीच्या घडीलाही ती डोंगर-दरीच म्हणतात.

तिसरी रीत तरकीम्याची. हस्तलिखिताच्या शेवटी कातिब लिहायचा, ही नक्कल कुणी केली, कुठे, कुठल्या तारखेला, कुणासाठी. त्याला उर्दूत 'तरकीमा' म्हणतात. सोबत बहुधा वाचणाऱ्याकडे दुआची मागणी. या एका परिच्छेदामुळे आज संशोधकांना प्रतींचा माग काढता येतो. आपण फाइल उतरवतो तेव्हा तिचं नाव असतं इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचं एक कडबोळं, आणि ती जाते 'डाउनलोड'च्या उकिरड्यात. मी आता प्रत्येक मॉडेलची एक घडी करतो. भागांची फाइल, कृतीची फाइल, आणि एका पानावर तरकीमा : मॉडेल बनवणाऱ्याचं नाव, पानाचा पत्ता, उतरवल्याची तारीख, कागदाचं माप, आणि त्याने कशाची परवानगी दिली आहे. हौशी माणसं बहुतेक करून घरगुती वापराला हो म्हणतात आणि विकायला नाही म्हणतात. तेही लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे गॅदरिंगला स्टॉल लावून असल्या गोष्टी विकायचा उत्साह फार.

कृती पीडीएफमध्ये नसून नुसतीच पानावर चित्रांच्या रूपात असली, तर ते पानच छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ करून ठेवता येतं. फक्त आधी तळापर्यंत सरकवत जायचं. नाहीतर खालची चित्रं उतरायच्या आधीच पान जपलं जातं, आणि पुन्हा रिकामे चौकोन. आणि मुख्य म्हणजे साध्या कागदावर एक प्रत छापून ठेवायची. बारा पानांचा खर्च चहा-बिस्किटाएवढा.

*

हे सगळं करत असताना मला वारंवार आठवत होतं ते खुलताबादच्या वाटेवरचं कागजीपुरा.

दौलताबादजवळचं हे गाव. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा कागद बनवणारे कारागीर इथे आले, असं गावात सांगतात. कागजी हे त्यांचं आडनावच झालं. मराठीतला 'कागद' हा शब्दही फारसी 'कागज'वरून आलेला. जुन्नरलाही कागजी होते, आणि पेशवाईत पुण्यातली कागदीपुरा वस्ती याच कारागिरांनी वसवली. मराठी राज्याची दफ्तरं, हिशेब, पत्रं, सनदा ज्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर लिहिल्या गेल्या, तो मुसलमान कागजींच्या हातचा. मराठ्यांचा इतिहास आज आपण वाचू शकतो याचं थोडं श्रेय त्या हातांना आहे. एवढं तरी पाठ्यपुस्तकात यावं, असं मला शिक्षक म्हणून वाटतं.

पण त्यांनी स्वतःची कृती कुठे लिहिली? चिंध्या आणि ताग किती दिवस भिजवायचा, चुना किती, लगदा कधी तयार झाला हे हाताला कसं कळतं, घोटाईचा दगड कसा फिरवायचा, हे बापाकडून मुलाकडे गेलं, बोटांतून बोटांत. गिरणीचा कागद आला, मुलं दुसऱ्या कामाला लागली, आणि बरंचसं बोटांबरोबर गेलं. दफ्तरखान्यात कागद शाबूत आहे, तो करणारा नाही. विसाव्या शतकात गांधीजींनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ उभारला. तेव्हा के. बी. जोशी यांनी हातकागद कसा बनवायचा यावर पुस्तक लिहिलं आणि संघाने ते छापलं. आमच्या हुनराबद्दल लिहायला दुसरं कुणी बसलं, याचा मला राग नाही, उलट शुक्रगुजार आहे. राग आमचाच येतो. ज्या कौमीत वर्राक होते, ज्यांनी जझरीला आठशे वर्षं खांद्यावरून वाहून आणलं, त्या कौमीच्या कागद बनवणाऱ्यांनी आपल्या कागदावर आपली कृती उतरवली नाही. कदाचित त्यांना अक्षरच येत नसेल. कदाचित कारागिरी सांगितली तर पोटावर पाय येईल, ही भीती असेल. तीही खोटी नव्हती. शिवणकाम करणारे, कलई लावणारे, पतंग बांधणारे, जरी काढणारे. आमच्या मोहल्ल्यात असे कितीतरी जण आजही आहेत ज्यांची कृती कुठेच लिहिलेली नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील यांतलेच.

जानेवारीत आम्ही मोटार पुन्हा घेतली. वेबॅकवरची सात चित्रं साध्या कागदावर छापली. राहिलेल्या पाच पायऱ्या मुलांनी स्वतः काढायच्या असं ठरलं. पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. कृतीतली चित्रं डावीकडून उजवीकडे जात होती आणि मुलं सवयीने उजवीकडून सुरुवात करत होती. टप आधी चिकटला, आतल्या सीटा हातात राहिल्या. मग प्रत्येक चित्रावर मोठा आकडा घातला. गहाळ पायऱ्या मुलांनी उर्दूत लिहिल्या आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना द्यायच्या म्हणून मी त्या त्यांच्याकडूनच मराठीतही करून घेतल्या. 'डोंगरघडी' मराठीत सोपी गेली. 'चांदणी म्हणजे पुठ्ठा' हे सगळ्यात वर, चौकटीत लिहिलं. चाकं या वेळी उभी राहिली. चार संचांत एक चाक तिरपं आहे, ते चालतं.

जो मुलगा आकडे जुळवायचा, त्याचे वडील गादीकारागीर आहेत. त्याने नवव्या पायरीपाशी मूळ कृतीत नसलेली एक ओळ स्वतःच्या मनाने घातली आहे : "यहाँ गोंद कम लगाना, नहीं तो दरवाज़ा टेढ़ा होता." मराठी प्रतीतही ती घेतली आहे. खाली तरकीमा आहे, तारीख आहे, तीस नावं आहेत. त्याने मला विचारलं, अब्बांची गादी भरायची पद्धत अशीच लिहिली तर चालेल का? मी म्हटलं, आधी अब्बांना विचार. पुढच्या शनिवारी तो वही घेऊन आला. पहिल्या पानावर कापसाच्या चार प्रकारांची नावं होती, त्यातलं एकच मला ठाऊक होतं.